ॲलर्जी : नाही

"मग सांगा बाई, हरवलेलं शोधत कशाला बसायचं?"

निनाद नाडगौडा दमयंतीबाईंना विचारत होता; खरं तर ऐकवतच होता. बाई पायाची जखम चिघळल्यामुळे इस्पितळात पडून होत्या. निवृत्त होईपर्यंत याच इस्पितळाचं सॉफ्टवेअर त्यांनी सांभाळलं. निनाद त्यांच्या हाताखाली तयार झाला आणि आता त्यांच्या खुर्चीत बसतो. खुर्ची त्याला जरा लवकरच मिळाली, असं माझं मत आहे.

"नीट सांग," बाई म्हणाल्या.

"सकाळी नवी आवृत्ती चढवली आणि औषधांचा स्क्रीन उघडेना. ॲलर्जीच्या टेबलची डेफिनिशन सापडत नाही, म्हणे."

टेबल म्हणजे माहितीचा तक्ता, आणि डेफिनिशन म्हणजे ती माहिती कुठे ठेवली आहे, याचा सॉफ्टवेअरला दिलेला पत्ता. तो नसला की ते अडून बसतं.

"मग?"

"सगळे वॉर्ड माझ्या नावानं ओरडत होते. तुमच्या पद्धतीनं गेलो असतो, तर जुनी कुठे गेली हे शोधण्यातच दिवस गेला असता. मी त्याच नावाची नवी बनवून टाकली. चहा संपायच्या आत एरर गायब."

"नवी... म्हणजे कोरी?"

"कोरीच. सॉफ्टवेअरला काय, नाव मिळालं की झालं." तो हसला.

बाईंचा चेहरा पडला. त्या काही बोलणार, तेवढ्यात सिस्टर ट्रे आणि टॅब घेऊन आली.

"आजी, इंजेक्शन द्यायचंय. कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

"स्क्रीनवर बघा ना."

सिस्टरनं टॅबवर बोट फिरवलं. "ॲलर्जी, नाही. बरं झालं, पेनिसिलिनच आहे."

बाईंनी बाही वर सरकवली आणि हात पुढे केला. पाहत मात्र होत्या निनादकडे.

तो अजून हसतच होता. मग त्याचं हसू थांबलं...

एकदा वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात, घसा दुखतो म्हणून घेतलेल्या एका गोळीनं बाई कोसळल्या होत्या. ओठ सुजले, श्वास घेता येईना. त्यांना उचलून खाली आणणारा निनादच होता. ती गोळी पेनिसिलिनची होती.

त्यानं सिस्टरचं मनगट धरलं. "थांबा. मरतील त्या."

ट्रे खाली पडला. सिस्टर भिंतीला टेकली.

"पण इथे 'नाही' लिहिलंय... कुणी लिहिलं हे?"

निनादनं टॅबकडे पाहिलं. कुणीच लिहिलं नव्हतं. जिथे काही सापडत नव्हतं, तिथे स्क्रीन 'नाही' म्हणत होता. बाईंच्या नावापुढे, आणि त्या इमारतीत खाटेवर पडलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे.

"सिस्टर, सगळ्या वॉर्डांना फोन करा," बाई म्हणाल्या. "पेशंटला किंवा घरच्यांना विचारल्याशिवाय कुणालाही काही देऊ नका म्हणावं."

सिस्टर धावत गेली. निनाद तिथेच उभा होता.

"बाई, मी... जुनी डेफिनिशन शोधतो. पण वेळ लागेल. तोवर काय करू?"

बाईंनी बाही खाली ओढली.

"तोवर ती एरर परत आण."