पोट भरलेली गाडी

आमच्या सोसायटीत चार्जिंगची जागा एकच. चेअरमन रणदिव्यांची गाडी सकाळीच फुल चार्ज व्हायची आणि संध्याकाळपर्यंत तिथेच ठाण मांडून बसायची. नर्स टिपणीसबाईंची स्कूटर चार्जिंगवाचून दोनदा ड्यूटीच्या वाटेत बंद पडली. त्यांनी तक्रार केली, तर रणदिवे गुरकावले, "चार्ज झाल्यावर गाडी काढावी, असं नियमात कुठे लिहिलंय?"

रविवारी सोसायटीच्या पूजेची पंगत बसली. रणदिवे भुकेने कासावीस होऊन टिपणीसबाईंच्या खुर्चीमागे नंबर लावून उभे. बाईंचा ताकभातही संपला, तरी त्या हलेनात.

"बाई, जेवण झालं ना? उठा की!"

"केव्हाच झालं. पण पोट भरल्यावर उठावं, असं नियमात कुठे लिहिलंय?"

पंगत खो-खो हसली. रणदिवे किल्ली चाचपत पार्किंगकडे निघाले.

बाई मागून म्हणाल्या, "सावकाश काढा हो! तोवर तुमची जागा धरून ठेवते."