साळिंदर आणि तंबू होणारा लॅपटॉप

जंगलाच्या ज्या कोपऱ्यात वाघालासुद्धा नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते, त्या कोपऱ्यात एक साळिंदर राहायचं. बिळांचे नकाशे काढून बिळं खोदून द्यायची, हा त्याचा धंदा. बिळात उताणं पडायचं, एका हाताने माती उकरायची आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर नकाशा काढायचा, अशी त्याची पद्धत. लॅपटॉप जुना होता. बिजागरी तुटली होती, म्हणून झाकण वेलीने बांधलेलं. साळिंदर रोज त्याच्यावर चिडायचं. तसं ते सगळ्यांवरच चिडायचं, पण लॅपटॉप उलट बोलत नसे, म्हणून त्याच्यावर जरा जास्त.

एक दिवस शेजारची सशीण आली. चालताना तिचं पोट जमिनीला टेकत होतं. "दादा, चार दिवसांत पिल्लं होतील. माझ्या बिळाला मागचं दार नाही. कोल्हा आला तर पळू कुठून?"

"चार दिवसांत दार देतो. रडू नकोस, मला राग येतो."

सशिणीने लॅपटॉपच्या वेलीकडे बघितलं. साळिंदराला नेमकं तेच लागलं. ते तडक कोल्ह्याच्या दुकानात गेलं.

दुकान म्हणजे उन्हातला एक स्वच्छ, सपाट खडक. कोल्ह्याने एक चकचकीत टू-इन-वन उघडला. "हा बघ, असा उघडला की लॅपटॉप. असा मागे दुमडला की पाटी. आणि असा उभा केला की तंबू!"

"तंबू कशाला?"

"सिनेमा बघायला."

"मी काम करतो."

"मग काम करताना सिनेमा बघायला."

वरच्या फांदीला एक वटवाघूळ लटकत होतं. ते म्हणालं, "घेऊन टाक रे. माझ्याकडे आहे. स्क्रीन उलटी होते. मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ वाचलं."

"तू उलटा लटकतोस. मी लटकत नाही."

"मग लटकून बघ."

साळिंदराने तरी विचार केला. जुना दुरुस्त होईना, काम तर चार दिवसांवर आलेलं. पावसाळ्यासाठी साठवलेली सगळी रताळी त्याने खडकावर ओतली. कोल्ह्याने ती खडकामागे नेऊन ठेवली आणि मग सांगितलं, "नकाशे काढायचे तर पेन वेगळं घ्यावं लागेल."

"माझ्या पाठीवर शेकडो पेनं आहेत!"

"ती चालत नाहीत. कंपनीचंच लागतं. आणि वॉरंटीसाठी हा फॉर्म भर. तुझं नाव, सध्या कोणाचं काम घेतलंयस, त्यांचा पत्ता. त्यांच्या घराला दारं किती, तेही लिही."

साळिंदराचे काटे ताठ उभे राहिले होते. पेन वेगळं! चिडलेलं डोकं फॉर्म वाचत नाही, नुसतं भरतं. त्याने सशिणीचा पत्ता लिहिला. पुढे लिहिलं, 'दार : एक.' आणि सही ठोकली.

मुलांनो, पुढचे तीन दिवस असे गेले. पेन घ्यायला रताळी उरली नव्हती आणि मातीच्या हाताला स्क्रीन दाद देईना. म्हणून साळिंदर ओढ्यावर जाऊन हात धुवायचं. परत येईपर्यंत हात पुन्हा मातीचे, कारण साळिंदर हातांवरच चालतं. असं त्याने त्रेचाळीस वेळा केलं. नकाशावर एक रेघ उमटली, तीही चुकून शेपटी लागून.

चौथ्या दिवशी ते यंत्र घेऊन थेट सशिणीच्या दारात गेलं. बिळाच्या तोंडाशी झाकण दुमडायला गेलं, पण जागा अरुंद. रागात पिळलं. खटकन आवाज झाला आणि लॅपटॉप तंबू होऊन दारात घट्ट अडकला. सशीण आत, साळिंदर बाहेर. फटीतून दोन कान दिसले.

"दादा, हे काय?"

"तंबू."

"आणि मागचं दार?"

"राहिलं."

"मला कळा यायला लागल्यात."

तेवढ्यात कोल्हा आला. गळ्यात नॅपकिन बांधला होता. "सर्व्हिसला आलोय," तो म्हणाला.

साळिंदराला आता तो फॉर्म आठवला. एकेक रकाना आठवला.

कोल्ह्याने तंबू ओढला, ढकलला, दातांनी धरला. त्याच्याच दुकानातला माल त्याला मिटेना. "मॅन्युअल कुठाय?" त्याने विचारलं.

"रताळी परत दे," साळिंदर म्हणालं. आवाज अगदी हळू होता.

"विकलेला माल परत घेत नाही. फॉर्मवर लिहिलंय. तुम्ही लोक वाचतच नाही."

साळिंदराने पाठ फिरवली. कोल्ह्याला वाटलं, चाललं बिचारं. पण साळिंदर पाठ फिरवतं ते जाण्यासाठी नाही. ते उलटं धावतं, काटे पुढे करून, आणि फार जोरात.

कोल्हा आधी पाटीसारखा आडवा पडला. मग तंबूसारखा उभा राहिला. मग पार मागे दुमडला. एवढा पूर्ण डेमो त्याने दुकानातही कधी दिला नव्हता.

"बघ," साळिंदर म्हणालं, "ही पेनं तुझ्यावर चालतात. वेगळी घ्यावी लागली नाहीत."

कोल्हा रताळी खडकामागेच सोडून जंगलाबाहेर गेला तो गेलाच. तंबूच्या आड सशिणीला पाच पिल्लं झाली. साळिंदराने त्याच दिवशी मागचं दार खोदलं, नकाशा न काढता. वेलीने बांधलेला जुना लॅपटॉप शेजारी होता, फक्त चिडायला.

दुसऱ्या दिवशी वटवाघूळ आलं. "तो तंबू काढणार असशील तर मला दे."

"हात लावू नकोस," साळिंदर ओरडलं. "ते तिचं पुढचं दार आहे."

तात्पर्य : वस्तू दुकानातल्या खडकावर किती प्रकारे वळते ते बघू नका, आपलं काम जिथे चालतं तिथे, आपल्याच मातीच्या हातांनी ती आधी वापरून बघा. आणि रागावून फॉर्म भरू नका. आधी फॉर्म वाचा, मग रागवा. तोवर रागवायला चांगलं कारणही सापडतं.