खटक्याची केवळाबाई

ऐका, आणि मधे बोलू नका. ही गोष्ट लई जुनी आहे. तेव्हा आपल्या डोंगरात वीज नवी नवी आली होती. बल्ब पेटला की म्हाताऱ्या हात जोडायच्या आणि विझला की शिव्या द्यायच्या.

त्या काळात बारा गावांत मिळून वीज बोर्डाचा एकच वायरमन होता. नागनाथ त्याचं नाव. घराघरांत बटणं बसवणारा वायरमन नव्हे. डोंगरावरून जी अकरा हजार व्होल्टची लाईन येते, त्या तारांवर काम करणारा. असं म्हणतात की तो खांबाला कान लावायचा आणि चार कोसांवर कुठे तार तुटली ते सांगायचा. असं म्हणतात की तो चढायला लागला की घारी वाट सोडायच्या.

त्याची बायको केवळाबाई. तिच्यासारखी जळणारी बाई बारा गावांत नव्हती. शेळीनं नवऱ्याचा हात चाटला तर त्या दिवशी शेळीला पाला मिळायचा नाही. संध्याकाळी वाऱ्यानं तारा गुणगुणायला लागल्या की धाडकन दार लावायची आणि म्हणायची, "ही कोण बया गाते माझ्या घरावर?" लोक हसायचे. हसू देत. ज्याला जपावं असं काही मिळालेलं नसतं, तो हसतोच.

नागनाथ राहायचा डोंगरपिंपळ्याला. पण लाईन बंद करायचा खटका होता कोसभर लांब, वाघदरीच्या माळावर. खांबाच्या बुडाशी लोखंडाचा खटका. खाली ओढला की लाईन मेली, वर केला की जिती. नागनाथ खटका खाली ओढायचा आणि मग लांबच्या खांबावर चढायचा. तो वर असताना कुणी खटका वर केला, तर खेळ खलास. म्हणून खटक्याशी कुणीतरी बसायला पाहिजे. बोर्डानं दुसरा माणूस दिलेला नव्हता. खटक्याजवळ झोपडी होती सोजरची. सोजर विधवा बाई, शेंगा भाजून विकायची. नागनाथ तिलाच बसवायचा.

आता अंगावर धातू घेऊन तारेजवळ जात नाहीत. म्हणून चढायच्या आधी नागनाथ बोटातली अंगठी काढायचा, कमरेचा चांदीचा करदोडा काढायचा आणि सोजरकडे द्यायचा. अंगठी ती बोटात घालायची, सगळ्यांना दिसावी म्हणून. अख्ख्या वाघदरीला ठाऊक होतं, सोजरच्या बोटात अंगठी आहे तोवर नागनाथ वर आहे, खटक्याला शिवायचं नाही. अंगठी गेली म्हणजे माणूस उतरला.

अख्ख्या वाघदरीला ठाऊक. फक्त त्याच्या बायकोला ठाऊक नाही! घरी गेला की हा गडी मुका. "काय केलं आज?" "काय न्हाई, काम." त्याला वाटायचं, सांगितलं तर ती भिईल. भीती वाचवायला गेला आणि काय वाढून ठेवलं ते बघा.

एकदा डोंगरपिंपळ्याच्या बाया बाजारावरून येताना वाघदरीच्या माळावर शेंगा घ्यायला थांबल्या. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एक म्हणाली, "केवळे, तुझ्या मालकाची अंगठी लई सैल झाली का गं?"

"का?"

"न्हाई, सोजरच्या बोटात बघितली."

दुसरी म्हणाली, "आन् करदोडा खुंटीला."

केवळाच्या हातातली घागर विहिरीत गेली. ती अंगठी तिच्या बापानं बैल विकून लग्नात घातली होती. आणि पुरुषाच्या कमरेचा करदोडा परक्या बाईच्या खुंटीला? तुम्ही काय केलं असतं? तिनं घागरीकडे बघितलं नाही, पायांत काही घातलं नाही. नवरा सकाळीच कामाला गेला होता. ती आडवाटेनं तडक वाघदरीला निघाली. असं म्हणतात की त्या दिवशी ती जिथून गेली तिथलं गवत आजही आखूडच उगवतं.

सोजर खटक्याशी बसली होती. बोटात अंगठी. खुंटीला करदोडा.

"काढ ती," केवळा म्हणाली.

"कोण गं तू?"

"जिच्या नवऱ्याची अंगठी घालून बसलीस ना, ती."

सोजर उठून उभी राहिली. "हात लावू नको बाई. त्यांनी माझ्याजवळ ठेवायला दिलीय. ते सोता आल्याबिगर मी कुणाला देत नसते."

बोलली ते खरं बोलली. पण बायकोच्या कानाला ते कसं लागलं असेल!

"कुणाला? मी कुणी का? आन् करदोडा काय चुलीला बांधायला दिला का गं?"

"आगं, ऐक तरी..."

ऐकतेय कोण. केवळानं तिचं मनगट पिरगाळलं, अंगठी ओरबाडली, करदोडा खुंटीवरून हिसकला आणि चालू लागली. घराची वाट लाईनीखालूनच जाते. वाटेत विजेची गिरणी होती, बन्सी गिरणीवाल्याची. तिथे दळणाच्या पाट्यांची रांग, लाईन बंद म्हणून गिरणी बंद, आणि बन्सी कपाळाला हात लावून बसलेला. केवळानं अंगठी उंच धरली आणि ओरडली, "बघा रे! बायको कोण ते बघून ठेवा!"

बन्सीनं बघितलं, अंगठी बायकोच्या हातात. त्याला वाटलं, उतरला नागनाथ, खटका वर करायचा विसरून गेला घरी. मागे सोजर धावत सुटली होती अंगठीसाठी, खटक्याशी कुणीच नव्हतं. आजवर खटका वर करायचा तो नागनाथच. पण बाया कधीच्या खोळंबल्या होत्या, म्हणून सोजर गिरणीवरून पुढे पळून गेल्यावर बन्सी स्वतःच निघाला. भला माणूस, त्याचा काय दोष?

सोजरनं केवळाला चौथ्या खांबापाशी गाठलं. धापा टाकत म्हणाली, "आगं सटवे, तो वर हाय! सातव्या खांबावर! अंगठी माझ्यापाशी म्हंजी तो वर!"

केवळानं वर बघितलं. लांब टेकाडावर सातवा खांब, आणि त्यावर पट्ट्याला लोंबकळणारा माणूस, मुंगीएवढा. मग दोघींनी मागे बघितलं. बन्सीचे हात खटक्यावर.

सोजर बन्सीच्या नावानं किंचाळली. वारा उलटा होता. काही पोचलं नाही.

आता पुढचं मी बघितलेलं नाही, पण असं म्हणतात की त्या दिवशी वीज हळू आली. खटका गंजलेला होता, म्हणून म्हणा, की कुणाला तरी दया आली म्हणून म्हणा. पहिल्या खांबावरची पाखरं भुर्रकन उडाली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. पाखरं उडत होती तशी वीज येत होती, आणि तिच्यापुढे केवळा पळत होती. काटे, दगड, बांध, काही बघितलं नाही. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, ते त्या माळावर गळा फाडून घेतलं. "नागनाथ! ओ नागनाथ!" पाचव्या खांबावरची पाखरं उडाली. ती पुढेच. सहाव्या खांबाखालून ती निघाली तेव्हा सहाव्यावरची पाखरं अजून बसलेली होती.

तिथे ती थांबली. तिला लाईनीतलं काय कळत होतं? काही नाही. एवढंच कळलं, की जी कुणी त्याच्याकडे निघालीय ती आपल्याला ओलांडून जाता कामा नये. तिनं हातातला करदोडा गरगर फिरवला आणि वर तारांवर फेकला. असं म्हणतात की तो वरच्यावर कुणीतरी झेलला. तीनही तारांवर आडवा पडला. डोंगर निळा झाला, आवाज बारा गावांना गेला, तार तुटली, चांदीचं पाणी होऊन मातीत पडलं. सातव्या खांबापर्यंत वीज गेलीच नाही.

नागनाथ उतरून आला तेव्हा ती बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला.

"करदोडा कुणी टाकला?"

"मी."

"आन् खटका कुणी वर केला?"

"हात बन्सीचा. पण केला मीच." तिनं अंगठी त्याच्यापुढे टाकली आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाली, "आख्ख्या गावाला सांगितलं, मला का न्हाई?"

"तू भ्याली असतीस."

"भ्याले असते. भ्यालेली बाई जागची हालत न्हाई. आन् मी तर आज बाजार भरवून आले!"

नागनाथ खाली बसला. त्यानं अंगठी उचलली आणि तिच्या डाव्या हातात दिली. बारा गावं तीन दिवस अंधारात होती, पण त्या दिवसापासून खटक्याशी केवळा बसू लागली. तीस वर्षं बसली. तिचा स्वभाव बदलला असेल असं वाटतं का तुम्हाला? छे! तेवढीच जळकी, तेवढीच वाईट तोंडाची. सोजर शेजारी बसायची, शेंगा द्यायची. केवळा शेंगा खायची, पण एकदाही तिला बहीण म्हणाली नाही. खटक्याच्या दहा पावलांत कुणी आलं की अंगावर जायची. एकदा बोर्डाचा मोठा साहेब आला आणि म्हणाला, "बाई, मी साहेब आहे." ती म्हणाली, "आसशील. वर माझा नवरा हाय. बस तिकडं." साहेब तिकडं बसला. नागनाथ म्हातारा होऊन अंथरुणात मेला. त्या कामातल्या माणसाला हे सुख सहज मिळत नाही.

केवळा गेली, खटकाही गेला. आता मोठं स्टेशन आहे, बटणं आहेत, कागदावर सह्या होतात. तरी आमच्या बारा गावांत वायरमन खांबाला हात लावायला गेला की खालचा कुणीतरी हमखास विचारतो, "केवळाला सांगितलं का?" म्हणजे घरी बायकोला, आईला, जी कुणी असेल तिला, आज कुठल्या खांबावर जातोय ते सांगून आलास का. सांगितलं नसेल तर त्याला कुणी शिडी धरत नाही. तो फोन लावतो. बारा गावांची लाईट थांबते, बाया-माणसं ताटकळत उभी राहतात, आणि तो माणूस तिथे सगळ्यांसमोर बायकोला सांगतो. पलीकडून ती काय काय बोलते ते तो खाली मान घालून ऐकतो. तिचं बोलून होईस्तोवर कुणी घाई करत नाही.