सावरीचा पहिला काटा

माळावर अजून गाडीवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. तिथं एक काटेसावर होती. रोपटं असताना एका शेळीनं तिचा कोवळा शेंडा खाल्ला, आणि तिच्या अंगावर पहिला काटा उगवला. मागोमाग बाकीचे आले. शेळ्या लांब राहू लागल्या आणि सावर वाढली.

पुढं एक खार खोडावर चढायला आली, तीही रक्ताळून परतली. सावर काट्यांवर कडाडली, "गळून पडा मेल्यांनो! तुमच्यापायी माझ्याकडे कुणी फिरकत नाही." काटे आणखीच ताठ झाले.

एका दुपारी फुलं गळताना तिला आपलं लहानपण आठवलं. ती शेळी आठवली, आणि आपल्यासाठी एकटाच उभा राहिलेला तो पहिला काटा. तिचा आवाज मऊ झाला.

"दादा, अजून कुणाला अडवतोस रे?"

"शेळीला. तुझा शेंडा खाईल ना ती."

"जरा वर बघ."

जन्मभर त्यानं फक्त समोरच पाहिलं होतं. आता त्यानं वर पाहिलं. शेंडा कुठं दिसेचना. होतं ते लाल फुलांनी भरलेलं आभाळ.

"अगं पोरी," तो पुटपुटला, "एवढी मोठी कधी झालीस?"

ती खार पुन्हा आली, तेव्हा काटा तिथंच होता. फक्त तिला वाट द्यायला त्यानं अंग चोरलं.