टिळेकर सरांचा गुलाब

शलाकाबाई घातक रसायनांऐवजी लिंबाचा रस वापरून प्रयोग शिकवू लागल्या आणि मुलं गर्दी करू लागली. विभागप्रमुख टिळेकर सरांचा जळफळाट झाला. तीस वर्षांत त्यांच्या तासाला कुणी आपणहून आलं नव्हतं.

सरांनी प्राचार्यांनाच प्रयोगशाळेत आणलं. "हे रसायनशास्त्र नाही, सरबत आहे! अभ्यासक्रमातून काढा."

"बाई, काही म्हणायचंय? नाहीतर आजपासून बंद," प्राचार्य म्हणाले.

बाईंनी दोघांच्या प्रयोगांचं सांडपाणी दोन बादल्यांत आणलं आणि खिडकीतल्या सरांच्या लाडक्या गुलाबापाशी ठेवलं.

"सर, कुंडी कोरडी पडलीय. तुमची बादली ओतू की माझी?"

"अहो, माझी नको!" सर ओरडले.

"गावच्या ओढ्याला मात्र रोज चालते?"

बाईंचे प्रयोग अभ्यासक्रमात कायम राहिले. बाईंच्या बादलीतल्या पाण्यावर गुलाबाला कळी आली, तेव्हा सरांनी तोंड फिरवलं.