चिंचगडचा दत्तक बोल्ट

चिंचगडच्या महाराजांच्या लाल स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा एक बोल्ट तुटला आणि संस्थानचा सगळा कारभार ठप्प झाला!

विहिरी आटल्या तेव्हा कुणी जागचं हललं नव्हतं. शाळेचं छप्पर उडालं तेव्हाही नाही. बोल्टसाठी मात्र दिवाण, सरदार आणि राजपुरोहित अर्ध्या ताटावरून उठून मोटारखान्यात धावले! उद्या सकाळी शेजारच्या कुसुंबगडच्या राजेसाहेबांशी गाडीची शर्यत होती ना!

"विलायतेच्या कारखान्याला तार करा!" महाराज गरजले.

"केली, सरकार," गेनू मिस्त्री म्हणाला. "बोल्ट बोटीनं येणार. तीन महिने लागतील. तोवर मापाचा एखादा इथलाच बघून बसवतो."

"इथलाच? आमच्या गाडीत? अरे, आमच्या दारचा कुत्रासुद्धा खानदानी आहे! बोल्टही तसाच पाहिजे. त्याचं कूळ सांगता आलं पाहिजे!"

"सरकार, बोल्टला कूळ नसतं. माप असतं, आटे असतात."

"उलट बोलतोस? कोंडा याला इथंच! उद्या सकाळपर्यंत खानदानी बोल्ट बसून गाडी सुरू झाली नाही, तर हा संस्थानातून हद्दपार!"

गेनूची मुलगी हौसा बापाची भाकरी घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. भाकरी आत दिली, बापाकडून तुटक्या बोल्टचा तुकडा घेतला आणि चालू लागली.

इकडे दरबारी मंडळी कामाला लागली. दिवाणजींनी सोनाराकडून सोन्याचा बोल्ट घडवून आणला. पाना जरा आवळताच त्यानं मान टाकली. सरदारांनी पणजोबांच्या तोफेचा खिळा आणला. खिळा लढाया पाहिलेला, पण केळ्याएवढा जाड. तो भोकात शिरेना, तेव्हा सरदार भोकालाच फितूर म्हणू लागले! राजपुरोहितांनी एक चांदीचा बोल्ट निवडून त्याची आणि इंजिनाची पत्रिका जुळवली. गुण उत्तम जुळले, आटे जुळले नाहीत. बोल्ट भोकातून आत पडला, तो काढता काढता गेनूचा घाम निघाला. दरबारच्या गॅझेटात मात्र 'बोल्टप्रश्नी समाधानकारक प्रगती' असं छापूनही आलं!

सकाळ झाली. महाराज शर्यतीचा पोशाख चढवून मोटारखान्यात आले. गाडी होती तशीच.

"शिपाई! मिस्त्रीचं बोचकं वेशीबाहेर टाका!"

"थांबा, महाराज!" हौसा पुढं झाली. तिनं पदराची गाठ सोडून एक काळा, तेलकट बोल्ट काढला. "हा बसवा. तुटक्या तुकड्याशी आटे जुळवून आणलाय."

"कुठला हा?"

"पिठाच्या गिरणीच्या इंजिनाचा. गिरणीवाल्याकडं जादा होता. याचे भाऊ रोज अख्ख्या गावाचं दळण ओढतात. अजून एकानंही मान टाकलेली नाही."

"गिरणीचा!" दिवाणजींनी नाकाला उपरणं लावलं. "पोरी, याचं कूळ काय?"

"आत्ता काहीच नाही, दिवाणजी. घटकाभरात चिंचगडकर होईल. महाराज, तुम्ही याला दत्तक घ्या!"

"दत्तक? बोल्ट?" महाराजांचा शर्यतीचा चष्मा नाकावर घसरला.

"का नाही? इथली गादी रिकामी झाली तेव्हा थोरल्या आईसाहेबांनी काय केलं? विलायतेला तार केली? मळ्यात औत हाकणारा एक पोरगा पाहिला. गादीवर घट्ट बसेल, एवढंच पारखलं आणि मांडीवर घेतलं. त्या दिवसापासून त्याचं कूळ बदललं. आज त्या पोराला कुणी मळ्यातला म्हणून दाखवावं!"

महाराज दत्तक आलेले, हे संस्थानात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं; त्यांच्या तोंडावर बोलायची मात्र कुणाची छाती नव्हती.

"राजद्रोह! राजद्रोह!" सरदार ओरडले.

महाराजांनी त्यांना हातानं गप्प केलं. "मुली, दरवेळी दत्तक चांगलाच निघतो असं नाही. हा हलका निघाला तर?"

"हलक्या घरचा म्हणून हलकाच निघणार, असं म्हणायचंय का, महाराज? तसं असेल तर आईसाहेबांची निवड चुकली म्हणायची. ते तुम्हीच सांगा. माझ्यानं नाही म्हणवत!"

महाराजांनी हौसाकडं पाहिलं, तिच्या हातातल्या बोल्टकडं पाहिलं. मग असे हसले, असे हसले की शर्यतीच्या अंगरख्याची दोन बटणं तुटून उडाली!

"द्या इकडं आमच्या चिरंजीवांना!" त्यांनी तिथंच पायरीवर बसून बोल्ट मांडीवर घेतला. पांढऱ्या विजारीला काळं तेल लागलं. राजपुरोहितांनी डोळे मिटून मंत्र म्हटले. साखर आणली, पण बोल्टचं तोंड सापडेना, म्हणून ती दिवाणजींच्या तोंडात घातली.

गेनूनं बोल्ट बसवला, पाना आवळला, किल्ली फिरवली. इंजिन असं डरकाळलं की सरदार पुरोहितांच्या मागं लपले!

"नाव राहिलं!" महाराज आवाज चढवून म्हणाले. "हौसा, नाव तू ठेव."

"मी? महाराज, नाव तर बाळाची आत्या ठेवते."

"तेच म्हणतोय! आजपासून तू आमची बहीण. हा मोटारखाना तुला भावाची ओवाळणी. आणि बहिणीच्या बापाला हद्दपार करायची आमची काय बिशाद!"

हौसा इंजिनावर वाकली, बोल्टच्या कानात "कुर्रर्र!" केलं आणि नाव ठेवलं, "घट्टोजीराव!"