ससा झालेला राजपुत्र आणि ठकूबाईचा वैताग

एका राज्यात प्रचंडसेन नावाचा राजा होता, आणि जिथे तिथे हात घातल्यावाचून त्याला चैन पडत नसे. एकदा त्याने वेशीबाहेरच्या जुन्या कुरणावर नांगर फिरवला. का, तर तिथे कारंजी हवीत म्हणून! कुरणात राहणाऱ्या धूम्राक्ष मांत्रिकाने संतापून राजपुत्र मणिकेतूकडे बोट रोखले, आणि राजपुत्राचा ससा झाला.

"ज्या कुरणाची वाट लावलीस, त्याच्याच चाऱ्यावर याला तीन ऋतू जगव," मांत्रिक म्हणाला. "जगला तर माणूस होईल. बाहेरचा एक घास पोटात गेला, तर कायमचा ससा."

कुरणाच्या पानन् पानाची ओळख होती ती एकट्या ठकूबाई गुराखिणीला. राजाने ससा तिच्या ओटीत घातला, आणि तिच्या डोक्याचा ताप सुरू झाला.

पावसाळ्यात नांगरलेल्या मातीत गवताआधी तण माजले. कोवळा केना, हरळीचे कोंब खाऊन ससा गुबगुबीत झाला. एवढ्यात राजा चांदीच्या ताटात केशरी भात घेऊन हजर! ठकूबाईने ताट भिरकावले. "महाराज, पोरगा परत हवाय की नको?"

हिवाळ्यात गवत वाळले. ती बियांची कणसे आणि रानशेंगा चारू लागली. तर राजाने गवत कापायला विळेवाले धाडले. परदेशी पाहुण्यांना कुरण नीटनेटके दिसावे म्हणे! ठकूबाई विळ्यांपुढे आडवी झाली. "कुरण म्हणजे दाढी नव्हे, महाराज, पाहुणे आले की करायला!"

उन्हाळ्यात उरली ती मुळे आणि बोरीची साल. बोरी होत्या कुरणाच्या पार टोकाला. चार दिवसांनी साल घेऊन ती परतली, तो ससा मान टाकून पडलेला.

"साल नव्हती, पण मुळं तर होती. काय झालं?" तिने कुरणातल्या टिटवीला विचारले.

"राजाने गळ्यात पट्टा बांधला," टिटवी म्हणाली. "ससा वाकू शकत नाही."

ठकूबाईने पाहिले. मानेभोवती ताठ रुपेरी पट्टा, माणके जडवलेला.

"तो आपलीच लेंडी खात होता!" मागून आलेला राजा कळवळला. "राजघराण्यातला मुलगा!"

"खाणारच! सशाची मऊ लेंडी म्हणजे अर्धवट पचलेला चारा. ती पुन्हा खातो, तेव्हा कुठे सालीमुळांचा कस अंगी लागतो. भरल्या पोटी उपाशी मारलंत की लेकराला! सोडा पट्टा. तुम्हीच सोडा."

राजाने पट्टा सोडला. ससा कष्टाने वाकला आणि त्याने आपला घास घेतला. राजाचा हात आपसूक पुढे झाला. त्याने तो मागे घेतला, पाठीमागे बांधला, आणि आयुष्यात प्रथमच नुसता बसून राहिला.

ससा साल कुरतडू लागला. आठ दिवसांनी ऋतू सरला, आणि गवतात मणिकेतू उभा राहिला, हाडकुळा पण जिवंत. ठकूबाई पदराने डोळे पुसत राहिली.

राजाने तिथेच कुरणाला अभय दिले, नांगर परत धाडले आणि दोन्ही हात पसरून तो मुलाकडे धावला.

"थांबा, बाबा!" मणिकेतू ओरडला. "पायाखाली रानसशाची दोन पिल्लं आहेत."

एक पाय अधांतरी धरून राजा थांबला. सशिणीने दोन्ही पिल्ले उचलून नेईपर्यंत तो तसाच उभा राहिला.